जमिनीला मीठ फुटलं, तर एकट्या शेतकऱ्यानं काय करायचं?

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. कृष्णाकाठाला अडीच एकर काळं रान. आजोबांच्या काळात त्यात शाळू आणि हरभरा व्हायचा, वडिलांनी ऊस धरला, आणि आता खालच्या अंगाच्या पाऊण एकरात ऊस उगवतच नाही. उन्हाळ्यात पांढरा थर येतो. तीन वर्षं जिप्सम टाकलं, शेणखत टाकलं, फरक पडला नाही. हे रासायनिक खतांमुळं झालं का, आणि मी एकट्यानं काय केलं म्हणजे रान परत येईल, असं त्यांनी विचारलं आहे.

मी अठ्ठावीस वर्षं वाळवा, पलूस आणि मिरज या पट्ट्यात माती आणि निचऱ्याचं काम करतो आहे. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. खतांचा वाटा आहे, पण तो लहान आहे. तुमचं रान पाण्यानं गेलं आहे. त्यातलं बरंचसं पाणी तुम्ही पाजलेलं नाही आणि ते बाहेर जायची वाट तुमच्या हद्दीत नाही. त्यामुळं एकट्यानं करण्यासारखं थोडं आहे, आणि खरं काम ओढ्याकाठच्या सगळ्यांनी मिळून करायचं आहे. हे ऐकून निराश होऊ नका. मी अशी रानं परत आलेली पाहिली आहेत.

आधी मीठ येतं कुठून ते समजून घ्या. नदीच्या आणि विहिरीच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतातच. समजा, तुमच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार आहेत. म्हणजे पाणी वाईट नाही, चांगल्यातच मोडतं. एकरभर उसाला चार इंच पाणी दिलं की ते होतं चार लाख लिटरच्या वर. त्यातून दोनशे किलो क्षार रानात आले. दीड वर्षाच्या आडसाली उसाला अशा पंचवीस पाळ्या दिल्या, तर एका पिकात एकरी पाच टन. पन्नास किलोची शंभर पोती मीठ रानात ओतल्यासारखं आहे ते. ऊस पाणी पितो, मीठ मागं ठेवतो. ऊन पाण्याची वाफ करतं, मीठ मागं ठेवतं. पावसाळ्यात यातलं बरंच धुऊन खाली जाऊ शकतं, पण खाली वाट मोकळी असेल तरच.

आपली काळी माती चिकणमातीनं भरलेली. ओली झाली की फुगते आणि पाण्याची वाट बंद करते. पूर्वी जिरायत पिकं होती तेव्हा उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या, आणि खालचं पाणी पंधरा-वीस फुटांवर असायचं. बारमाही उसाखाली रानाला वाळायला उसंतच मिळत नाही. मग भूजल चढत चढत पाच फुटांच्या आत आलं की खेळ पालटतो. समईतली वात तेल वर ओढते, तशी माती खालचं खारट पाणी वर ओढते. वर आलेलं पाणी उडून जातं आणि मीठ फुटतं. तुम्ही पांढरा थर खरवडून बांधाबाहेर टाकला असेल. बरेच जण टाकतात. महिन्याभरात तो पुन्हा येतो, कारण खालून रोज भर पडते आहे.

आता हे पाणी कोणाचं? तुमच्या रानाच्या वर, चढाला, पूर्वी माळ होता. 1970 नंतर या भागात सहकारी उपसा योजना झाल्या, नदीचं पाणी माळावर चढलं आणि माळावर ऊस आला. ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही. त्या पाण्यानं अनेक घरांची उपासमार संपली, आमच्या घराचीही. पण बहुतेक संस्थांची पाणीपट्टी एकरावर असते, पाण्याच्या मापावर नसते. एकराचे पैसे भरलेत म्हटल्यावर माणूस पाणी कमी कशाला घेईल? त्यात थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्री येते. रात्री दोन वाजता सापाकिरड्यांतून बारं बदलायला जायचं कोणाच्या जिवावर येणार नाही? मोटर चालू करून दार सोडायचं आणि सकाळी बघायचं, असंच होतं. सऱ्या तुडुंब, वाटेवर पाणी. माळाची मुरमाड जमीन ते सगळं गिळते आणि उताराच्या अंगाला सोडते. पाणी वरच्यानं पाजलं, मीठ खालच्याच्या रानात फुटलं. वरच्या शेतकऱ्याला याचा पत्ताही नसतो, कारण त्याचं रान छान असतं.

खतांबद्दल एवढंच. पोटॅशच्या लाल खतातून क्लोराईड येतं, युरियाचं नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी ते वाईटच आहे. शिफारशीच्या दुप्पट खत टाकणारे आपल्याकडं कमी नाहीत. ते थांबवा. पण उद्या सगळ्या गावानं खत बंद केलं आणि पाणी असंच चालू ठेवलं, तरी मीठ फुटायचं थांबणार नाही.

हे काही कालपरवा कळलेलं नाही. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला. पंचवीस वर्षांच्या आत नीरेच्या खोऱ्यात इतकी जमीन क्षारानं पडीक झाली की पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी तिचा अभ्यास करून 1910 मध्ये अहवाल लिहिला. पाणी चढवण्याआधी निचऱ्याची सोय हवी, हे तेव्हापासून माहीत आहे. तरीही कृष्णाकाठी आपण पाणी आधी आणलं आणि निचरा विसरलो. योजनेच्या कागदावर पंप होते, पाइपलाइन होती, पाट होते. पाणी परत नदीकडं कसं जाणार, त्याचा रकाना नव्हता.

खरं तर निसर्गानं तो रकाना भरून दिला होता. त्याला आपण ओढा म्हणतो.

मिरज तालुक्यातल्या एका गावात काही वर्षांपूर्वी मी भूमी अभिलेखच्या कार्यालयातून गावाचा जुना नकाशा काढला. नकाशात गावाच्या पूर्वेकडून एक ओढा सरळ नदीला मिळत होता. पट्टीनं मोजला तर जागोजागी चाळीस-पन्नास फूट रुंद. नकाशा हातात घेऊन आम्ही सहा जण चालत निघालो. पहिले पाचशे फूट ओढा दिसला, वेड्या बाभळींनी भरलेला. पुढं तो चार फुटांची चारी झाला. त्यापुढं उसाचा फड लागला आणि ओढा संपला. फडाच्या पलीकडं रस्त्याखाली एक नळा होता, अर्ध्यापर्यंत गाळानं भरलेला, आणि त्याच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशव्या, खताची पोती, कोंबड्यांची पिसं. आमच्यातले एक आजोबा फडाच्या कडेला उभे राहून म्हणाले, "हितं आमी पवायला शिकलो." त्यांच्या पायाखाली सरी होती.

वरच्या अंगाला दीडशे एकरांवर जमीन पांढरी पडली होती. तिथले शेतकरी जिप्समची पोती आणत होते.

ओढा कोणी एका दिवसात गिळला नव्हता. दर वर्षी नांगर वीतभर पुढं, बांध हातभर पुढं. एकानं सरकवला म्हणून दुसऱ्यानं. चार फूट ज्यानं घेतलं त्याच्या मनात शेजाऱ्याचं रान बुडवायचं नव्हतं, त्याला एखादी सरी जास्त हवी होती. पण दोन्ही काठांच्या तीसेक जणांनी वर्षानुवर्षं असं थोडं थोडं घेतल्यावर गावाची गटारवाट बुजली. 2019 च्या महापुरात याच गावात नदी उतरल्यावरही रानात पाणी कितीतरी दिवस उभं होतं. उतरायला जागाच नव्हती.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून तीच आठवली. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका होतकरू शेतकऱ्याला मी एकट्यालाच निचऱ्याचे पाइप घालायला सांगितले. दोन एकर रान होतं. पाइप नीट घातले, उतार नीट दिला. पहिल्या पावसाळ्यानंतर टोकाच्या पाइपातून पाणी धो धो पडायला लागलं. मला फार आनंद झाला होता. ते पाणी पडत होतं बुजलेल्या चारीत, आणि चारी भरून शेजारच्या गव्हात शिरत होती. शेजाऱ्यानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा पाइपाच्या तोंडात चिखलाचा गोळा आणि पोतं कोंबलं. दोन चुलत घरं पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. शेजाऱ्याचं चुकलं असं मी कधीच म्हणू शकलो नाही. पाणी शेवटी कुठं जाणार हे आधी ठरवायला हवं होतं, आणि ते माझं काम होतं. तेव्हापासून कोणीही बोलावलं की मी आधी त्याचं रान बघत नाही, ओढा बघतो.

तुम्ही जिप्सम टाकून फरक का पडला नाही, तेही यातच आहे. बिघडलेल्या जमिनी दोन तऱ्हेच्या असतात. क्षारयुक्त जमिनीत विरघळणारं मीठ जास्त असतं, पण मातीची ठेवण बरी असते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो. ती ओली असताना लोण्यासारखी घसरते आणि वाळली की ढेकूळ कुदळीला दाद देत नाही. जिप्सम चोपणासाठी आहे. त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणावरून हुसकावतं. पण हुसकावलेला सोडियम पाण्याबरोबर खाली आणि बाहेर जायला हवा. भूजल तीन फुटांवर उभं असेल तर तो जाणार कुठं? तिथंच घोटाळतो, आणि तुमचे पैसे मातीत जातात. जमीन नुसती क्षारयुक्त असेल तर जिप्समची गरजच नसते, तिला चांगल्या पाण्यानं धुणं आणि निचरा पुरतो. आपल्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर असते. म्हणून चोपण जमिनीत कित्येकदा गंधक, प्रेसमड (साखर कारखान्यातला रसाचा गाळ) आणि धैंचाचं हिरवळीचं खत यांनी ती चुनखडीच विरघळवून कॅल्शियम मोकळं करता येतं. पण तेही निचऱ्यानंतर.

तुमची जमीन कोणती, हे घरी ढोबळमानानं बघता येतं. काचेच्या ग्लासात पावसाचं साठवलेलं किंवा बॅटरीचं शुद्ध पाणी घ्या. त्यात सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, ढवळू नका, आणि ग्लास रात्रभर तसाच ठेवा. ढेकूळ सुटून खाली बसलं आणि पाणी नितळ राहिलं, तर मीठ जास्त असण्याची शक्यता. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला आणि सकाळीही पाणी गढूळच असेल, तर चोपण. हा अंदाज झाला. पक्कं ठरवायला माती तपासा. त्यासाठी नुसता वरचा थर देऊ नका, एक फूट, दोन फूट आणि तीन फूट खोलीचे वेगळे नमुने द्या. सांगलीजवळ कसबे डिग्रजला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. क्षारपड जमिनीवर तिथं बरंच काम झालेलं आहे, तिथं जाऊन बोला. अहवालात सामू (pH) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेला, सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तर चोपण धरतात. विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप, वाचताना मात्र जपा. माती पाण्यानं पुरती भिजवून काढलेल्या संपृक्त अर्कात 4 (डेसीसायमन प्रति मीटर) ही मर्यादा आहे. बऱ्याच प्रयोगशाळा पातळ द्रावणात मोजतात, तिथं आकडा 1 च्या पुढं गेला की सावध व्हायचं. हा फरक न कळल्यामुळं "अहवाल नॉर्मल आहे" म्हणून गाफील राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिरमिटानं सहा फूट खोल भोक घ्या. एक वरच्या अंगाला, एक मधे, एक मीठ फुटलेल्या जागी. तोंडावर पत्रा ठेवून दोन दिवस थांबा, चिकणमातीत पाणी हळू भरतं. मग काठीनं मोजा. पाणी पाच फुटांच्या आत असेल तर बाजारातलं कुठलंही पोतं आणू नका. पैसे निचऱ्यासाठी ठेवा.

सामुदायिक निचरा कसा असतो ते थोडक्यात सांगतो. जमिनीखाली साधारण तीन ते चार फुटांवर छिद्रांचे, गाळणीचं कापड गुंडाळलेले पीव्हीसी पाइप ठरावीक अंतरानं घालतात. माती जितकी चिकट, तितकं अंतर कमी. हे पाइप एका मोठ्या पाइपाला जोडतात, मधे मधे तपासणीच्या टाक्या बांधतात, आणि मोठा पाइप खोल केलेल्या ओढ्यात सोडतात. पहिल्यांदा ते सुरू झालं की टाकीत वाकून बघा. चहासारखं तांबूस पाणी येतं, जिभेला लावलं तर कडवट खारट. तुमच्या रानात वीस-तीस वर्षं साठलेलं ते असतं. दोन-तीन पावसाळ्यांत रंग निवळत जातो. रान आधी गवत उगवून सांगतं, मग धैंचा, मग गहू. ऊस शेवटी, कारण तो क्षाराला तसा नाजूकच आहे, लोक समजतात तितका दणकट नाही. आणि जिथं पाइपाचा खर्च झेपत नाही तिथं ट्रॅक्टरच्या मोल नांगरानं दीड-दोन फुटांवर पोकळ बोगदे काढता येतात. ते स्वस्त पडतात, पण काही वर्षांत ढासळतात, पुन्हा काढावे लागतात. त्यांनाही ओढा लागतोच.

हे एकत्र केल्यानं होतं, याचं उदाहरण शेजारीच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं, गणपतराव पाटील यांच्या नेतृत्वाखाली, शेतकऱ्यांनी गट करून हजारो एकरांवर असा निचरा केला. तिथं जाऊन या. मला विचाराल तर तिथले पाइप दुय्यम आहेत. एकाच ओढ्याला लागणाऱ्या शेतकऱ्यांना एका सतरंजीवर बसवलं, हे मोठं काम आहे. आपल्याकडं पाइपाला कर्ज मिळेल, ठेकेदार मिळेल. सतरंजीवर कोण बसवणार, तिथं अडतं.

ते तुम्ही करा. तुमच्या पाऊण एकराचा प्रश्न म्हणून जाऊ नका, ओढ्याचा प्रश्न म्हणून जा. गावाचा नकाशा काढा, वरपासून नदीपर्यंत ओढा पायी चाला, सोबत वरच्या अंगाचेही दोघं-तिघं घ्या. कोणाच्या हद्दीत किती बुजलाय ते लिहा, पण नावं चावडीवर वाचू नका. त्यानं माणसं बिथरतात आणि काम दहा वर्षं मागं जातं. ग्रामसभेत ठराव घ्या की ओढा नकाशाप्रमाणं मोकळा करायचा. कायदा तुमच्या बाजूनं आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 20 प्रमाणं, कोणाच्या मालकीचे म्हणून सिद्ध नसलेले ओढे-नाले शासनाचे आहेत. कोणी नुकताच बांध घालून नैसर्गिक प्रवाह अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते. त्याला सहा महिन्यांची मुदत आहे, ती चुकवू नका. तरी माझा अनुभव असा, की आधी माणसं आणि मग अर्ज. ज्या गावात अर्ज आधी गेला, तिथं जेसीबी पोलीस बंदोबस्तात आला आणि दोन वर्षांत ओढा परत बुजला. ज्या गावात सगळ्यांनी आपापल्या हद्दीतला भाग स्वतः मोकळा करून दिला, तिथं तो आजही वाहतो आहे.

पाणी कमी केल्याशिवाय मात्र यातलं काहीच टिकणार नाही. निचरा केला म्हणून पाट सोडून झोपायचं, असं झालं तर पाइप बिचारे काय करतील? ठिबकनं उसाचं पाणी जवळपास निम्म्यावर येतं. ठिबक जमत नसेल तर एकाआड एक सरी भिजवा आणि पाचट जाळू नका, सरीत दाबा. पाचट झाकलेल्या रानात उन्हानं पाणी कमी उडतं, म्हणून मीठही कमी वर येतं. पाणीपुरवठा संस्थेच्या सभेत मापानं पाणीपट्टीचा विषय काढा. पहिल्या वर्षी कोणी ऐकणार नाही, माझंही ऐकलं नव्हतं. आणि उपशाच्या वरच्या अंगाच्या लोकांना एकदा तरी तुमच्या रानात आणा. चपला काढून त्या पांढऱ्या ढेकळांवरून चालू द्या. पलूसकडच्या एका गावात हे केलं होतं. माळावरचे एक बागायतदार वाकले, बोटावर मीठ घेतलं, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे आमचं पाणी हाय व्हय?" त्या हंगामात त्यांनी नऊ एकरांना ठिबक केलं.

आणखी एक गोष्ट, जी निचऱ्याची कामं करणारे आम्ही लोक सहसा बोलत नाही. ओढ्यातून बाहेर काढलेलं खारट पाणी कृष्णेतच जातं. त्यात तुमचं जास्तीचं नायट्रेटही असतं. पुढं सांगली आहे, त्याखाली अनेक गावं आहेत, ती हेच पाणी पितात. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा त्रास कमी. एप्रिल-मे महिन्यांत नदीत डबकी उरतात, तेव्हा तोच पाइप खालच्यांचं नुकसान करतो. म्हणून धुण्याचं काम पावसाच्या पाण्यावर करा आणि उन्हाळ्यात पाइपाचं तोंड बंद ठेवायची झडप बसवून घ्या. वरच्यानं तुमच्याशी जे केलं ते तुम्ही खालच्याशी करू नये, एवढी काळजी घेणं आपल्या हातात आहे.

तोवर त्या पाऊण एकरात ऊस लावू नका. पाऊस पडल्यावर धैंचा पेरा, फुलावर यायच्या आत, पंचेचाळीस-पन्नास दिवसांत गाडा. निदान रान उघडं पडून वात पेटती राहणार नाही. आणि ती तीन भोकं आता, पावसाच्या आधी घ्या, मग दिवाळीनंतर पुन्हा मोजा. तारीख आणि फूट-इंच एका वहीत लिहा. ओढ्याला लागून रान असलेल्या आणखी पाच जणांना तसंच मोजायला सांगा. सहा जणांच्या वह्या घेऊन या, मग नकाशा पसरून पाइप कुठून कुठं न्यायचा ते मी तुमच्याबरोबर बसून आखून देतो.